झेलणाऱ्या बायका

जयदेवची कविता खाडीकाठच्या प्रत्येक लग्नात म्हटली जाई, आणि याहून मोठी शिक्षा त्याला दुसरे कुणी करू शकले नसते.

ती त्याने एकोणपन्नास साली लिहिली. बी.ए.चा निकाल नुकताच लागला होता. आगऱ्यांच्या नेरूळ गावातला तो पहिला पदवीधर. त्याच्या लग्नाला मुंबईहून कॉलेजातले मित्र यायचे होते, आणि काव्य म्हणजे काय हे ज्यांनी त्याला शिकवले ते प्राध्यापकही. अशा पाहुण्यांसमोर येसू आते मांडवात मांडी घालून गाणार, ही कल्पनाच त्याला सोसेना.

आगऱ्यांचे लग्न तोवर भटजी लावत नसे. ते लावी धवलारीण, म्हणजे धवले गाणारी बाई. हळदीपासून अक्षतांपर्यंतचा एकेक विधी ती गाऊन पार पाडी. तिने गायले नाही तोवर तो झाला असे कुणी धरत नसे. देवांना ती गाऊन आमंत्रण देई, आणि देवांच्या पाठोपाठ त्या घरच्या मेलेल्यांना: तारवासकट बुडालेल्यांना, मिठागरात पाय कुजून गेलेल्यांना, बाळंतपणात संपलेल्यांना, नावानिशी. येसूबाई ही जयदेवच्या बापाची बहीण आणि पंचक्रोशीतली सर्वांत नावाजलेली धवलारीण. पौरोहित्य बायकांच्या हाती राहिले आहे अशी गावे या देशात फार नसतील. नेरूळ त्यांपैकी एक होते, आणि नेरूळच्या पहिल्या पदवीधराला त्याची लाज वाटली. त्याला मिळालेल्या शिक्षणाचा दर्जा यावरून कळावा.

त्याने पनवेलहून भटजी आणवला आणि मंगलाष्टके स्वतः रचली. वृत्त शार्दूलविक्रीडित, एक मात्रा इकडची तिकडे नाही. प्रत्येक कडवे एकाच ओळीवर येऊन विसावे: ‘खाडीचे जल शांत निर्मल असे, साक्षी जया मंगला.’ नेरूळची खाडी ओहोटीला गुडघाभर काळ्या चिखलाची असते, भरतीला गढूळ असते, आणि निर्मल ती कुठल्याच प्रहरी नसते. हे जयदेवला ठाऊक नव्हते असे नाही. त्याच चिखलात निवट्या नावाचे मासे धरत तो लहानाचा मोठा झाला होता. पण कवितेतले पाणी निर्मल असते हे त्याने अधिक विश्वासार्ह ठिकाणी वाचले होते.

प्राध्यापकांनी त्याला मिठी मारली. गावाने मात्र जे पाहिले ते वेगळेच होते. आगऱ्याच्या पोराने आपला श्लोक भटाच्या तोंडी घातला! त्या अभिमानात काही खोटे नव्हते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अडाणी म्हटले गेले त्यांनी आणखी कशाचा अभिमान धरावा? पुढच्या वर्षी कुणीतरी ती मंगलाष्टके गुलाबी कागदावर छापून घेतली. त्यापुढच्या वर्षी शिरवणे, करावे या शेजारच्या गावांत, थेट रबाळ्यापर्यंत भटजी येऊ लागले. समाजाच्या पुढाऱ्यांनी त्याला सुधारणा म्हटले. धवलारणींना कुणी हाकलले नाही. त्यांना पाहुण्यांत बसवले, जेवू घातले, आणि निरोपाचा विडा दिला. साहेब देश सोडून गेला त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. जाताना तो शाळा मागे ठेवून गेला होता, आणि शाळेला पहारेकरी ठेवावा लागत नाही. तिथून बाहेर पडलेली मुले ते काम आपणहून करतात.

पुढच्या पंधरा वर्षांत जयदेवने पुष्कळ वाचले, आणि वाचता वाचता त्याचे डोळे उघडले, जे वाचनाने क्वचितच घडते. गावच्या शाळेचा तो मुख्याध्यापक झाला होता. आपल्याला लहानपणी हात पाठीमागे बांधून, रांगेत उभे करून, कधी न पाहिलेल्या बर्फावरची इंग्रजी कविता घोकायला लावली. पुढे तेच हात तसेच बांधून, कधी न पाहिलेल्या निर्मल पाण्यावरची मराठी कविता आपण स्वतः लिहिली. आणि या दोहोंत काडीचा फरक नाही, हे त्याला एकदा कळले ते कायमचे. त्या संतापात त्याने एक दीर्घ कविता लिहिली. शाळेत शिरताना जीभ दारात काढून ठेवावी लागणाऱ्या मुलाची ती कविता होती. मुंबईच्या एका त्रैमासिकाने ती छापली. समीक्षकांनी तिला मातीचा वास असलेली कविता म्हटले. ज्यांच्या पायाला चिखल लागलेला नसतो ते मातीच्या वासाबद्दल फार बोलतात. नेरूळात ती कुणी वाचली नाही. नेरूळच्या लेखी जयदेवची कविता एकच होती.

त्याच्या पुतणीचे, कमळीचे लग्न चौसष्टच्या माघात करायचे ठरले. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी ती त्याच्या ओटीवर येऊन उभी राहिली. सातवीपर्यंत शिकलेली, शिवणकाम करणारी, बोलण्यात नेटकी मुलगी.

“काका, एक इचारू? हसायचं नाय.”

“विचार.”

“येसू आजी म्हने पयलं लग्नात मेलेल्यांना बोलवायची. खरं?”

“खरं.”

“मग माज्या आयेला बोलवंल?”

कमळीची आई, भागीरथी, मिठागरात काम करता करता तापाने गेली तेव्हा कमळी रांगत होती. भागीरथीचा फोटो नव्हता. तिचे लुगडे नव्हते. ते तिच्याबरोबर गेले. तिचा आवाज कसा होता हे कमळीने आजवर तीन जणांना विचारले होते आणि तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितले होते.

“मना तशी काय श्रद्धा नाय,” कमळी घाईघाईने म्हणाली, जणू तो तिची परीक्षा घेणार होता. “पर एकदा कुनीतरी तिचा नाव मांडवात घ्यावा. एवढंच.”

जयदेवने धवल्यांवर दोन निबंध लिहिले होते. त्यांत पौरोहित्य होते, मातृसत्तेचे अवशेष होते, मौखिक परंपरा आणि तिचा ऱ्हास होता. मुलीला लग्नात आई हवी असते हे कुठे नव्हते. तो म्हणाला, “बोलावू. मी बघतो.”

त्याचा थोरला भाऊ हिरामण, कमळीचा बाप, ऐकून हसला. “अख्ख्या गावाची लग्नं तुज्या श्लोकावर लागतात, नि माज्या पोरीचं त्याच्याशिवाय? लोक म्हनतील भावाभावांत फाटलं.” बरेच वाद झाल्यावर तो एवढ्यावर उतरला: आधी येसू आते आमंत्रणाचा धवला गाईल, मग भटजी, मग मंगलाष्टके. “नि तुजी तू म्हनायची. तोंड लपवायचं नाय.”

येसूबाईला आता दिसत कमी होते. ती परसात उन्हाला बसून चिंच फोडत होती. जयदेवने मुद्दाम बोलीत सुरुवात केली, “आते, कमळीचे लग्नात धवला बोलशील गो?”

“मास्तरासारखा बोल रं बाला,” ती म्हणाली. “आगरी बोलाया जातंस तं नाटकातला वाटतंस.”

मग त्याने मास्तरासारखे सांगितले. तिने चिंचोके बाजूला सारले. “भागीला बोलवायची?” तिने विचारले. “पोरीनी सोता इचारलं?”

“स्वतः.”

“बोलवीन. पर झेलाया कोन?”

हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता, आणि तो का पडला नव्हता हे त्याला त्याच क्षणी कळले. दोन्ही निबंधांत त्याने येसूबाईबद्दल लिहिले होते, तिच्या पाठीमागे बसणाऱ्या बायकांबद्दल अवाक्षर नव्हते. कविता म्हटली की एक कवी आणि त्याचा एक कंठ, हे त्याला कॉलेजात इतके पक्के शिकवले होते की धवल्यातही तो एकच कंठ शोधत राहिला. धवला मात्र एका बाईचा नसतोच. धवलारीण अर्धी ओळ सोडते. पाठीमागच्या दोघीतिघी ती झेलून पुरी करतात, आणि त्यांनी पुरी केली तशी ती पुढची सोडते. मांडवात कोण बसले आहे, कुणाचे डोळे भरले, कुणाचे माणूस यंदाच गेले, हे बघत बघत नावे येतात. कुठलाच धवला दुसऱ्यांदा तसाच होत नाही. झेलणारीला पुढची ओळ ठाऊक नसते. तिला सोडणारीचा श्वास ठाऊक असतो.

“तुज्या झेलणाऱ्या कुठे आहेत?”

“गोजरा मेली. सखू न्हाव्याला दिलेली. ती आसंल तं आन.”

पुढच्याच रविवारी तो बेलापूरच्या बंदरातून मचव्याने खाडीपलीकडच्या न्हावा गावाला गेला. सखूबाई दारात सुकवलेला जवळा निवडत होती. येसूचे नाव ऐकताच तिचे हात थांबले. “हाय का ती बाय अजून? आवाज हाय?” तिने विचारले आणि उत्तराची वाट न बघता मांडीवर हलकेच थाप दिली, ओठ बंद ठेवूनच काहीसे गुणगुणली. एकच सूर, पण तो कुणाच्यातरी अर्ध्या ओळीला पुरा करणारा सूर होता.

“आये!” आतून आवाज आला. तिचा मुलगा कान्हा बाहेर आला. मुंबईच्या गोदीत कारकून, रविवारचा इस्त्रीचा पायजमा. त्याने जयदेवला वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले, आणि मग शांतपणे म्हणाला, “मास्तर, माझ्या लग्नात तुमचीच मंगलाष्टकं झाली.”

“माहीत आहे.”

“माझ्या मुलीनं ती शाळेत म्हणून बक्षीस आणलं. आता तुम्ही सांगता, ते चूक होतं?”

“चूक होतं.”

“मग तुमचं बी.ए.?”

“तेही, बरंचसं.”

कान्हा हसला, त्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच जास्त लागले. “तुम्हाला परवडतं मास्तर. तुम्ही शिकून झालात, आता तुम्हाला परत अडाणी व्हायची हौस आली. आम्ही आत्ता कुठं शिकतोय. आमची आई परक्या मांडवात बसून गाते म्हटल्यावर गोदीतले लोक मला काय म्हणतील ते तुमच्या त्रैमासिकात छापून येणार नाही.”

म्हणजे कान्हाने ती कविता वाचली होती. जयदेवला सबंध किनाऱ्यावर मिळालेला हा एकमेव वाचक.

सखूबाई मान खाली घालून पुन्हा जवळा निवडू लागली. “नको रं बाला,” ती म्हणाली. “नातू इंग्रजी शालंत जातो. पोरं चिडवतील त्याला, तुजी आजी गानारी म्हनून. येसूला सांग, घसा बसला माजा.” निघताना तिने येसूबाईसाठी मूठभर जवळा कागदात बांधून दिला.

नेरूळातल्या चाळिशी-पन्नाशीच्या बायकांना तो घरोघर जाऊन भेटला. या बायका लहानपणी धवले ऐकत मोठ्या झाल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला. “आमाला लाज वाटते मास्तर. आन चुकलं मंग? तुमचा श्लोक बोलू की. तो पाठ हाय.” एकीने तर त्याला बरे वाटावे म्हणून तिथल्या तिथे म्हणूनही दाखवला.

उरल्या शाळेतल्या मुली.

सातवीतल्या मुली त्याने निवडल्या. वर्गातले बाक भिंतीला लावले आणि त्यांना मांडवात बसतात तसे गोल बसवले. फळा, खडू, पुस्तक, काही नाही. त्याने अर्धी ओळ म्हणायची आणि मुलींनी झेलायची. येसूबाई तालमीला येणार नव्हती. लग्न नसताना धवला म्हणत नाहीत. देव निघून येतात आणि त्यांना बसायला पाट नसतो. म्हणून मांडवाच्या बाहेर उभे राहून पोरवयात कानावर पडलेले जे आठवत होते तेच तो सोडू लागला:

‘ये गो गावदेवी आये, आमचे मांडवा ये गो…’

मुलींनी एकमेकींकडे पाहिले. एक खुदकन हसली. ओळ वर्गाच्या मध्यभागी पडून राहिली.

‘चिखलाचे पायी ये गो…’

“सर,” पुतळा नावाची हुशार मुलगी उभी राहून म्हणाली, “पुढं काय आहे ते सांगा ना.”

“पुढे काय ते तुम्ही म्हणायचं.”

“पण खरं काय आहे?”

त्याने समजावले. खरे असे काही नाही, तुम्हाला सुचेल ते खरे. मुलींचे चेहरे पांढरे पडले. उत्तर ठाऊक असूनही न सांगणारा शिक्षक त्यांनी पाहिला नव्हता. हा नवा छळाचा प्रकार असावा अशी त्यांची समजूत झाली असली तर त्यांचा काय दोष? आठवडा असाच गेला. कुणाला सुचले नाही. सुचणे म्हणजे चुकणे हे त्या सात वर्षे शिकल्या होत्या, आणि त्यांतली बरीच वर्षे मुख्याध्यापक जयदेवच होता.

“सर, फळ्यावर लिहून द्या,” पुतळा म्हणाली. “दोन दिवसांत पाठ करतो.”

लग्न जवळ आले होते. त्याने लिहिले. लिहिताना जिथे आठवेना तिथे त्याने जोडले. जोडताना ते बरे जुळले पाहिजे एवढी जुनी सवय हाताला होतीच. धवलारणीची ओळ पांढऱ्या खडूने, झेलायची लाल खडूने. मेलेल्यांची नावे कुठून येणार हे लिहिता येत नव्हते, म्हणून ती जागा त्याने पूर्वजांच्या एका सर्वसाधारण ओळीने भरून काढली. दोन दिवसांत खरोखरच सगळे पाठ झाले. मुली आपोआप रांगेत उभ्या राहिल्या, हात आपोआप पाठीमागे गेले. पांढरे नि लाल दोन्ही त्या एका दमात म्हणत. त्याने सांगितले, पांढरे आजी म्हणेल, तुम्ही थांबा. मुली ‘हो सर’ म्हणाल्या. आणि सवयीने, कुठल्याही संमेलनाआधी प्रत्येक शिक्षक सांगतो तसे, त्याने हेही सांगून टाकले की कुणी अडखळले तर घाबरायचे नाही, थांबायचे नाही, पुढे म्हणत राहायचे.

येसूबाईच्या कानावर हे गेले तेव्हा त्याला वाटले ती चिडेल. लग्न नसताना शाळेत धवला!

“बोलू दे पोरींना,” ती म्हणाली. “देव नाय यायचं. शालंत त्यांना वलखतो कोन?”

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला होता. येसूबाईला मधोमध पाटावर बसवले. तिच्या पाठीमागे मुली उभ्या राहिल्या. त्यांनी बसावे असे जयदेव म्हणाला होता, पण निळे परकर चुरगळतील म्हणून आयांनी बसू दिले नाही. कमळी मुंडावळ्या बांधून आतल्या दाराशी उभी होती.

येसूबाईने डोळे मिटले.

‘ये गो गावदेवी आये…’

पंधरा वर्षे न वापरलेला आवाज. तो फाटलेला होता आणि तरी मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. पाहुण्यांची बडबड थांबली.

‘…आमचे मांडवा ये गो,’ मुली म्हणाल्या. ठेक्यात, स्वच्छ, एकसाथ. पण म्हणाल्या, झेलले. येसूबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले.

‘चिखलाचे पायी ये गो…’

‘…पाय धुवाया पानी हाय.’

आणखी दोन ओळी अशा गेल्या. म्हाताऱ्या बायका पुढे सरकल्या. एकीचे ओठ हलू लागले. जयदेव खांबाला धरून उभा होता. आयुष्यात प्रथमच एखादी कविता आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे आणि तिच्यात आपला हात नाही, असे त्याला वाटले, आणि त्या वाटण्यात एक अनोळखी सुख होते. ते फार टिकले नाही.

येसूबाईने डोळे उघडले. देव झाले होते. आता माणसे. ती मांडवभर पाहू लागली, कमी दिसणाऱ्या नजरेने एकेक चेहरा चाचपत, आणि मग आतल्या दाराकडे वळली. तिथे कमळी होती. म्हातारीने श्वास घेतला, लांब, आणि अगदी हळू सोडले:

‘ये गो भागी, मिठाचे वाटंनी…’

ही ओळ फळ्यावर नव्हती.

मुली क्षणभर गोंधळल्या. आजी अडखळली आहे हे पुतळाने ओळखले. अडखळले तर काय करायचे हेही तिला ठाऊक होते. तिने मान हलवून खूण केली आणि सगळ्या जणी पांढऱ्या-लाल खडूची पुढची ओळ एका दमात म्हणू लागल्या. येसूबाईने हात वर केला. मुलींना ते उत्तेजन वाटले. ‘ये गो भागी,’ म्हातारीने पुन्हा, थोडे वर सोडले. मुलींनी आवाज चढवला, कारण मागच्यांना ऐकू जावे असेही सरांनी सांगितले होते. पूर्वजांची सर्वसाधारण ओळ आली आणि गेली. शेवट आला. मुलींनी एकत्र हात जोडून मान लववली.

मांडव टाळ्यांनी दुमदुमला. धवल्याला आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. पण वाजवणाऱ्यांना ते कुठून ठाऊक असणार? हिरामणच्या डोळ्यांत पाणी होते. “काय तयारी करून घेतलीस रं पोरींची,” तो गर्दीतून ओरडला. “सव्वीस जानेवारीला पायजे व्हतं हे, तालुक्याचे सायब व्हते तवा!”

जयदेव वाकून येसूबाईपाशी बसला. “आते, परत धर. मुलींना मी बाजूला करतो. पुन्हा सोड.”

“नाय.” ती पाटावरून उठू लागली. “भागीचा नाव दोनदा सोडला, दोनदा खाली पडला. पडलेला नाव उचलून परत सोडत नाय. ती अर्ध्या वाटंनी माघारी गेली आसंल.” तिने त्याच्या खांद्याचा आधार घेतला. तिच्या आवाजात दोष नव्हता. “पोरींचा गुना नाय. बरा बोलल्या. मना उठव, भटजीचा पाट लावायचा हाय.”

त्याने तिला उठवून बायकांत नेऊन बसवले. परतताना आतल्या दाराशी कमळीने त्याची बाही धरली.

“काका, बोलवलं का आयेला? पोरींच्या आवाजात मना नाव आयकू नाय आलं.”

तिचे डोळे काजळाने मोठे दिसत होते. पलीकडे अंतरपाट उलगडला जात होता. जयदेव ज्या ज्या भाषा शिकला होता त्या सगळ्यांत या प्रश्नाचे खरे उत्तर एकच होते.

“हो,” त्याने सांगितले. “बोलावलं. छान बोलावलं.”

कमळीने बाही सोडली आणि निवांत श्वास टाकला. तिला पाटाकडे नेले. भटजी घाई करू लागला, मुहूर्त टळत होता. “मास्तर! मास्तर!” चोहीकडून हाका आल्या. कुणीतरी गुलाबी कागद त्याच्या हातात दिला, कुणीतरी मुठीत अक्षता कोंबल्या. हिरामण अंतरपाटाच्या टोकाशी उभा राहून त्याच्याकडे बघत होता. आज, या ठिकाणी, गप्प राहून कोणता निषेध होणार होता? नवरी त्याची पुतणी होती, आणि ती त्याच्या शब्दावर निश्चिंत होऊन उभी होती.

त्याने म्हणायला सुरुवात केली. आवाज त्याला पहिल्यापासून चांगला होता. कडवे निर्दोष चालले, यती जिथल्या तिथे. शेवटच्या ओळीपाशी तो आला.

‘खाडीचे जल शांत निर्मल असे…’

तो यतीवर थांबला. श्वास घ्यायला, इतकेच. आणि सबंध मांडवाने, पोरांनी, गड्यांनी, तोंडाला पदर लावणाऱ्या बायकांनी, निळ्या परकरांतल्या मुलींनी, कुणी न शिकवता, कुणी खूण न करता, त्याचा श्वास ओळखून ओळ झेलली:

‘…साक्षी जया मंगला!’

त्यात एक फाटका आवाज होता. जयदेवने वळून पाहिले नाही. पंधरा वर्षे पाहुण्यांत बसून येसूबाईलाही ती पाठ झाली होती, आणि झेलायचे कसे हे तिला इतर कुणाहूनही चांगले येत होते.

अक्षता पडल्या. कडवी अजून बाकी होती. त्याने पुढचे सुरू केले.